माझ्या नावानं पुसलेलं

“अहो, तुमचा कीबोर्ड बिघडलाय,” मी म्हटलं. “मघापासून बडवतेय, पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ.”

शिकवायला आलेला तरुण खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आला. त्याच्या लॅपटॉपवर पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव पेंग्विन ठेवलं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

“काकू, काही बिघडलेलं नाही. या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही. मुद्दाम तसं केलंय. मागून कोणी बघितलं तर कळू नये म्हणून.”

“मग निदान टिंबं तरी दाखवा! जुन्या कॉम्प्युटरवर टिंबं यायची की.”

“टिंबांवरून अक्षरं किती आहेत ते कळतं. तुम्ही आपलं टाइप करा आणि एंटर दाबा. विश्वास ठेवा.”

समोरच्या टेबलावरून माऊ फिसकन हसली. “विश्वास आणि ही? ही घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत येते आणि ओढून बघते.”

माऊ म्हणजे माझी मैत्रीण. आवाज इतका मऊ, की ती रागावली तरी समोरच्याला वाटावं आपले लाड चाललेत. तिनं माझं नाव फौजदार ठेवलं होतं. का, ते वेगळं सांगायला नको. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघी एकाच महिन्यात लागलो. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं आणि माझा मोठा पोटात होता. तेव्हापासून समोरासमोरची दोन टेबलं, एक पंखा आणि घरी गेलेल्या किंवा देवाघरी गेलेल्या पेशंटांच्या फाइली, हा आमचा संसार.

त्या खोलीतली आमची कामाची एक रीत होती. वॉर्डातून चिठ्ठी आली, की एकीनं फाइलीचा नंबर मोठ्यानं म्हणायचा आणि दुसरीनं कपाटापाशी उभं राहून प्रत्येक आकड्याला “हं” म्हणायचं. “चार.” “हं.” “शून्य.” “हं.” असं करत करत फाइल हातात यायची. चूक व्हायची नाही. चिठ्ठी एकटीनं वाचून एकटीनं फाइल काढायची म्हटलं, तर आम्हाला दोघींनाही धड जमलं नसतं.

तर मला पासवर्ड दिसेना. मग मी काय केलं? दिसत नाही तर नाही, ऐकू तर येईल! एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करायला लागले. आमच्या घरच्या कुत्र्याचं नाव आणि पुढे आमच्या ह्यांच्या चपलेचा नंबर. समोरून माऊ सवयीनं प्रत्येक अक्षराला “हं” म्हणत गेली. मशीननं मला आत घेतलं. पेंग्विन तोवर बाहेर फोनवर बोलायला गेला होता, नाहीतर त्यानं तिथेच कपाळाला हात लावला असता.

त्यानंतर रोज सकाळी हेच. मी म्हणायचे, ती “हं” म्हणायची.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या अधीक्षक साहेबांमुळे. जुनी सिस्टिम दरवर्षी विकत घ्यावी लागायची, ही नवी फुकट मिळत होती, आणि साहेबांना फुकट या शब्दाचं भारी प्रेम. सगळ्या फाइली स्कॅन करायच्या, कॉम्प्युटरवर ठेवायच्या आणि कागद यंत्रात घालून बारीक करायचे, असं ठरलं. मी नाक मुरडलं. “फुकट कोण कशाला देईल? काहीतरी काळंबेरं असणार.”

“काही काळंबेरं नाही, काकू,” पेंग्विन म्हणाला. “जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कोणीही उघडून आत काय आहे ते बघावं, सुधारावं, पुढे द्यावं. ज्याला आलं त्यानं दुसऱ्याला शिकवावं, एवढंच.”

“आणि त्यात त्यांना काय मिळतं?”

“मलाही आधी हाच प्रश्न पडायचा,” तो म्हणाला. “पण मला कोणीतरी शिकवलंच ना. त्यानं माझ्याकडून काही घेतलं नाही.”

हे ऐकून मला उगीचच गहिवरून आलं. आमच्या नोकरीत कोणी कोणाला साधा स्टेपलर देत नाही. आणि इथे कुठली कोण माणसं, मी त्यांची तोंडंही बघितलेली नाहीत, आणि त्यांनी केलेलं माझ्या टेबलावर येऊन बसलंय.

मग मी झपाटल्यासारखी शिकले. खरं सांगते, शाळेतसुद्धा इतकी मान मोडून बसले नव्हते. काळी खिडकी उघडायची आणि एल-एस लिहायचं, की खोलीत, म्हणजे फोल्डरमध्ये, काय काय आहे ते समोर. सी-डी लिहिलं, की दुसऱ्या खोलीत. आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं, तर तेही विचारता येतं आणि ते मुकाट्यानं सांगतं. मला त्याचा स्वभाव पटला. चुकलात की तोंडावर सांगणार, चुकला नाहीत तर एक शब्द बोलणार नाही. गोड बोलणं नाही, मनात एक आणि ओठांवर एक नाही. घरी मी आमच्या ह्यांना म्हटलं, “हे मशीन माझ्या स्वभावाचं आहे.” ते म्हणाले, “मग ऑफिसात बिचारी माऊ एकटी आणि तुम्ही दोघं!”

माऊ खरंच घाबरायची. माउसला हात लावायची वेळ आली, की ती खुर्ची मागे सरकवायची. “माझ्यानं नाही व्हायचं गं. या वयात डोक्यात शिरत नाही.”

“या वयात म्हणजे? तू काय शंभरीला टेकलीस?”

“तुझं बरंय. तुझं डोकं रिकामं असतं.”

हे ती थट्टेत म्हणाली, पण खरं होतं. तिच्या यजमानांच्या किडनीचं दुखणं होतं. आठवड्यातून दोनदा त्यांना आमच्याच हॉस्पिटलमध्ये यंत्रावर झोपवून रक्त स्वच्छ करून घ्यावं लागायचं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना उपचार मोफत असतात, त्यामुळे ते चाललं होतं. माऊची नोकरी म्हणजे त्यांचा श्वास होता, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून रविवारी मी तिच्या घरी जायला लागले. तिची मुलगी सासरी गेल्यापासून घरात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. पेंग्विनकडून पेन ड्राइव्ह आणला आणि मी स्वतः, या हातांनी, त्यावर नवी सिस्टिम घातली. मध्येच त्यानं विचारलं, आधीचं सगळं पुसू का? आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले आणि मी हो केलं. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून तिचे यजमान म्हणाले, “वहिनी, मलाही असं पुसून नवीन घालता येत असेल तर बघा!” आम्ही तिघंही हसलो. मी त्यांना भावजी म्हणायचे. माणूस हसरा होता, दुखण्यातसुद्धा.

तिथे मी माऊला सगळं शिकवलं. नक्कल कशी करायची, नाव कसं बदलायचं. पुसायचं शिकवताना मात्र फौजदारी आवाज काढला. “हे बघ, आर-एम म्हणजे पुसणं. इथे कचरापेटी नाही. गेलं ते गेलं, मागाहून रडून मिळायचं नाही. आणि ही चांदणी दिसतेय? चांदणी म्हणजे सगळं. नावाला चिकटून चांदणी लिहिलीस, तर त्या नावाचं सगळं. मध्ये जागा सुटली, तर खोलीतलं सगळं. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

“जागा सोडायची नाही.”

ती शिकली. हळूहळू शिकली, पण पक्की शिकली. तिची बोटं काळ्या खिडकीत धावायला लागली तेव्हा मला वाटलं, आपली लेक पोहायला लागली. पेंग्विन म्हणाला होता तसं मला कोणीतरी दिलं आणि मी पुढे दिलं. त्या दिवसांत मी फार खूश होते.

साहेबांनी मला रेकॉर्ड रूमची इनचार्ज केलं. माझ्या नावाला पुसायची, बदलायची मोठी परवानगी मिळाली. माऊच्या नावाला फक्त बघायची आणि नवीन घालायची. साहेबांनी बजावलं होतं, “काम बिनचूक झालं तर दोघी इथेच राहाल. गोंधळ झाला तर एकीला खाली चौकशीच्या खिडकीवर पाठवीन. तिथे पाळ्या असतात, रात्रीचीसुद्धा.” म्हणून मी डोळ्यांत तेल घालून काम करत होते. मला ती खोली सोडायची नव्हती, आणि माऊला तर पाळ्या परवडणाऱ्याच नव्हत्या.

त्या दुपारी बालविभागाच्या फाइलींचं स्कॅनिंग संपत आलं होतं. माऊ एकदम म्हणाली, “अगं, ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट तयार असेल. तू आणतेस का? मला बाई धीर होत नाही.”

मी उठले. कॉम्प्युटर बंद करायचं सुचलंही नसतं, पण पेंग्विननं सवय लावली होती म्हणून पडद्याला पासवर्डचं कुलूप घालून गेले. लॅबमध्ये ही गर्दी! तिथली मुलगी ओळखीची असूनही बराच वेळ उभं राहावं लागलं. रिपोर्ट हातात आला आणि मी तिथेच वाचला. मागच्यापेक्षा चांगला होता. जिना चढताना गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी मी जवळजवळ धावत आले.

“चांगला आहे गं! आकडे उतरलेत!”

माऊ माझ्या टेबलापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती रडायलाच लागली. साधं नाही, हुंदके देऊन. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. “वेडी कुठली. चांगल्या बातमीला कोणी असं रडतं का?” तिनं माझा खांदा भिजवला. मीही दोन टिपं गाळली. कपाळ माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालविभागातून चिठ्ठी आली. मी नंबर म्हटला, माऊ “हं” म्हणाली, मी ती खोली उघडली आणि आत काहीच नव्हतं. पुन्हा बघितलं. नाव तपासलं. आपण चुकून दुसरीकडे आलो का ते मशीनला विचारलं. नाही, बरोबर ठिकाणी होते. बालविभाग रिकामा होता.

पेंग्विन धावत आला. रोज रात्री सगळ्याची नक्कल दुसऱ्या मशीनवर जायची, पण त्या मशीननं काल रात्री रिकामी खोली जशीच्या तशी उतरवून घेतली होती. त्याआधीची एक जुनी नक्कल सापडली, तीत बरंचसं होतं. पण त्यानंतर स्कॅन केलेलं सगळं गेलं, आणि त्यांचे कागद आम्ही यंत्रात घालून बारीक करून टाकले होते. लहान मुलांच्या ऑपरेशनचे कागद. त्यानं आणखी काही शोधलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “काकू, काल दुपारी तुमच्या नावानं पुसलंय.”

“माझ्या नावानं? काल दुपारी मी टेबलावर नव्हतेच!”

मी माऊकडे बघितलं. ती फाइलींचा गठ्ठा बांधत होती. दोरीला गाठ मारून झाली, तरी ती दोरीच बघत राहिली. तेव्हा मला कळलं. म्हणजे डोक्याला कळलं. मनाला पटायला वेळ लागला.

साहेबांच्या खोलीत आम्हा तिघांनाही बोलावलं. साहेब आधीच तापले होते. “इनचार्ज तुम्ही. परवानगी फक्त तुम्हाला. तुमच्याच नावानं झालंय. आता बोला.”

“मी खाली लॅबमध्ये होते. हिच्या यजमानांचा रिपोर्ट आणायला.”

“कामाच्या वेळात?”

“हो, कामाच्या वेळात. चुकलं माझं. पण पुसलं मी नाही.”

पेंग्विननं हळूच विचारलं, “काकू, तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?”

मी खोटं बोलायची नव्हते. “हिला माहीत आहे. मी रोज मोठ्यानं म्हणत टाकते, ही समोर बसलेली असते.”

पेंग्विननं डोळे मिटून घेतले. साहेब माऊकडे वळले. “काय हो, तुम्हाला यांचा पासवर्ड माहीत आहे? तुम्ही काही केलंत?”

मी मनात म्हटलं, सांग गं. सांग, हातून झालं म्हणून. मी आहे ना. दोघी मिळून पाय धरू साहेबांचे, काहीतरी मार्ग काढू. माझी खात्री होती, की ती सांगणार.

माऊ म्हणाली, “नाही साहेब. माझं कुठे लक्ष असतं? आणि मला यातलं काही येतच नाही. सगळं याच करतात.”

त्याच मऊ आवाजात. ‘याच करतात.’ इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा अहोजाहो केलं, आणि तेही माझ्याकडे न बघता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. “येत नाही? रविवार रविवार तुझ्या घरी बसून शिकवलं ते काय होतं मग? तुझ्या घरच्या कॉम्प्युटरवर...”

“आवाज खाली!” साहेब ओरडले. “इथे भांडणं नकोत मला. तुम्ही स्वतः केलंत किंवा पासवर्ड वाटत फिरलात, दोन्हीत चूक तुमचीच. बरोबर की नाही?” हे त्यांनी पेंग्विनला विचारलं.

पेंग्विनचं तोंड पडलं होतं. “मशीन नाव लिहितं, साहेब. बसलं कोण होतं ते लिहीत नाही.”

“झालं तर मग,” साहेब म्हणाले.

मला खाली चौकशीच्या खिडकीवर पाठवलं. पाळ्यांसकट. चुकीचा शेरा नोकरीच्या कागदांवर चढला तो चढलाच. घरी आमचे हे म्हणाले, “जा आणि चांगली भांड तिच्याशी. तुझ्यासारखी बाई गप्प बसली तर आजारी पडेल.” पण मी भांडायला जाऊ कशी? भांडायला माणूस आपलं लागतं.

शेवटी एकदा जिन्यात गाठ पडली. ती वरून येत होती, मी वर जात होते. बाजूनं निघून जायला जागा नव्हती.

“कसं झालं ते तरी सांग,” मी म्हटलं.

कठड्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, “एक गठ्ठा माझ्या हातून दोनदा स्कॅन झाला होता. तू आलीस की ओरडशील म्हणून पटकन जादाचं पुसायला गेले. जागा सुटली गं मध्ये.”

“आणि मी रिपोर्ट घेऊन आले तेव्हा तुला कळलं होतं?”

“हो.”

“तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, माऊ. तेव्हा सांगायचंस. मी म्हटलं असतं, माझ्या हातून झालं. देवाशपथ म्हटलं असतं. भावजींचं औषध बंद पडू दिलं असतं का मी?”

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. तिच्या डोळ्यांत मला वाटलं होतं तशी शरम नव्हती. राग होता.

“माहीत आहे. तू म्हणालीच असतीस. आणि मग मी जन्मभर तुझ्या उपकाराखाली. आधीच काय कमी आहेत? रविवारी शिकवायला येणार तू, रिपोर्ट आणणार तू, सुट्टी लागली की साहेबांशी बोलणार तू. कंटाळा आला होता मला तुझं ऐकून घ्यायचा.”

तिला वाट द्यायला मीच भिंतीला सरकले. मी, जिच्यापुढे वॉर्डबॉय चळाचळा कापतात! ती अंग चोरून माझ्या बाजूनं खाली उतरून गेली. भीतीनं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. घेतलंच होतं मी मनाशी समजून. पण मी जे प्रेमानं करत होते ते तिच्या खात्यावर कर्जासारखं चढत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे साहेबांनी तिलाच इनचार्ज केलं. दुसरं होतं कोण? आणि काय चमत्कार, जिला यातलं काही येत नव्हतं, ती आठवडाभरात सगळं करायला लागली. साहेब खिडकीपाशी उभे राहून बड्या डॉक्टरांना सांगत होते, “मागे लागलो तर बायकासुद्धा शिकतात हो. या बाई बघा, किती लवकर तयार झाल्या.” मी आत बसून एका म्हातारबाबांना एक्स-रेची खोली कुठे आहे ते सांगत होते. माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण म्हातारबाबा म्हणाले, “बाई, मला ऐकू येतं.”

खिडकीवरही कॉम्प्युटर होता, पण तो फक्त नंबर दाखवायचा. त्यात मला काही लिहायची परवानगी नव्हती. पेंग्विन कधी आला की खिडकीपाशी थांबायचा. एकदा म्हणाला, “काकू, घरी एक मशीन घ्या. मी येतो घालून द्यायला.”

“नको रे बाबा,” मी म्हटलं. “मन उडालं माझं त्यातून.”

हे खोटं होतं. मन उडालं नव्हतं. हात शिवशिवायचे. पण काळी खिडकी आठवली की समोरून “हं” ऐकू यायचं, आणि मग नकोच वाटायचं.

एके दिवशी सकाळी रांग लागलेली होती. रांगेत भावजी दिसले. आधीपेक्षा खंगलेले, हातात पिशवी, भिंतीला धरून पुढे सरकत होते. त्यांच्या यंत्राची खोली नवीन इमारतीत हलवली होती आणि त्यांना ती सापडत नव्हती. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

“वहिनी! किती दिवसांनी! घरी येणं सोडलंतच तुम्ही. तो कॉम्प्युटर रुसून बसलाय.”

“कामं फार असतात हो,” मी म्हटलं.

ते जरा पुढे वाकले, आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये असा आवाज केला. “मला सांगितलं तिनं सगळं. तुमच्या हातून ती मुलांची कागदपत्रं गेली ते. वहिनी, मनाला लावून घेऊ नका. चुकतं माणूस. आमच्या घरात तुम्हाला कोणी वेगळं समजत नाही.”

माझे हात टेबलावर होते. मी ते मांडीत घेतले.

“तुमच्या जिवाला किती लागलं असेल, मला कळतं,” ते म्हणाले. “पण थोडक्यावर निभावलं म्हणायचं. साहेब तर नोकरीवरूनच काढायला निघाले होते म्हणे. तिनं रदबदली केली, हातापाया पडली, म्हणून खिडकीवर तरी ठेवलं. ती कोणाला सांगायची नाही हो, स्वभावच नाही तिचा. मला मात्र राहवलं नाही. तुम्ही तिला शिकवलंत, तिनंही तुमच्यासाठी तेवढं केलं. अशी मैत्री बघायला मिळत नाही हल्ली.”

एवढं बोलून त्यांना धाप लागली. पण डोळे हसत होते, आणि ते माझ्याकडे बघत थांबले होते. मी आभार मानीन याची ते वाट बघत होते.

तोंडाशी आलं होतं सगळं. एका वाक्यात त्या माणसाचं घर रिकामं करता आलं असतं मला. “हो,” मी म्हटलं. “तिला सांगा, कळलं मला म्हणून.”

“सांगतो, सांगतो,” ते म्हणाले. ते अजून भिंतीला धरूनच उभे होते. मी आतून दार उघडलं, माझी खुर्ची उचलून बाहेर आणली आणि त्यांना बसवलं. चाकाची खुर्ची मागवली, नवीन इमारतीत कुठल्या दारानं न्यायचं ते वॉर्डबॉयला दोनदा समजावलं. मग आत येऊन उभ्यानंच पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.